बांधकामाचे कंत्राट : दराची पद्धत कशी निवडावी?

घर बांधायला काढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, 'चौरस फुटाला काय भाव?' तीन-चार कंत्राटदारांकडून आकडे घेतले जातात, त्यांतला सर्वांत कमी आकडा निवडला जातो आणि भूमिपूजनाचा मुहूर्त धरला जातो. पुढे पायाच्या खोदाईत मुरमाखाली कातळ लागतो, लोखंडाचा भाव चढतो, कुंपणाची भिंत 'आपल्या दरात धरलेली नव्हती' असे कळते आणि पहिला स्लॅब पडण्याआधीच मालक व कंत्राटदार यांच्यात कुरबुरी सुरू होतात. आयुष्यभराची शिल्लक आणि बँकेचे कर्ज पणाला लागलेले असताना बांधकाम अर्ध्यावर थांबणे हे कोणत्याही कुटुंबावरचे मोठे संकट असते. अशा प्रसंगी दोष दराचाच असतो असे नाही. तो दर कोणत्या पद्धतीने ठरला आणि त्या पद्धतीत वाढीव खर्चाचा भार कोणावर पडतो, याचा विचार आधी झालेला नसतो, हे खरे कारण असते.

दराची पद्धत म्हणजे जोखमीची वाटणी

कोणत्याही बांधकामात तीन गोष्टी आधी पूर्णपणे सांगता येत नाहीत. पहिली गोष्ट परिमाणाची, म्हणजे खोदाई किती खोल जाईल, काँक्रीट किती लागेल. दुसरी भावाची, सिमेंट, लोखंड, वाळू आणि मजुरी यांचे दर काम संपेपर्यंत कुठे जातील हे कोणालाच ठाऊक नसते. तिसरी गोष्ट मालकाच्या निर्णयांची. भिंती उभ्या राहिल्यावर स्वयंपाकघर लहान वाटू लागते, साध्या फरशीऐवजी ग्रॅनाइट हवेसे वाटते. या तिन्ही अनिश्चिततांचा खर्च अखेर कोणाला तरी सोसावा लागतो. तो कोणी सोसायचा, एवढेच दराची पद्धत ठरवते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याच्या खिशाला झळ बसते तो काटकसर करतो आणि ज्याच्या खिशात भर पडते तो हात सैल सोडतो. म्हणून प्रत्येक पद्धतीत एक मोह दडलेला असतो. तो कोठे आहे हे ओळखून तेथेच पहारा ठेवणे, हे मालकाचे काम.

चौरस फुटाचा दर

शहरांतील बंगले व लहान इमारतींसाठी सर्वांत प्रचलित असलेली ही पद्धत समजायला सोपी आहे; पण हा दर दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय निरर्थक असतो. पहिला प्रश्न, क्षेत्रफळ कोणते? स्लॅबचे एकूण क्षेत्रफळ धरायचे की भिंतींसह बांधलेले? बाल्कनी, जिना, पोर्च आणि गच्ची पूर्ण धरायची, अर्धी धरायची की मुळीच नाही? दुसरा प्रश्न, त्या दरात काय काय बसते? जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, कुंपण, जलरोधक काम, ड्रेनेजची जोडणी, खिडक्यांच्या जाळ्या या बाबी अनेकदा दराबाहेर असतात.

त्यामुळे चौरस फुटाला शंभर रुपये कमी सांगणारा कंत्राटदार हिशेबाअंती महाग पडू शकतो. केवळ प्राथमिक अंदाजासाठी हा दर उपयुक्त आहे. त्यावरच कंत्राट करायचे असेल तर मोजणीचा नियम, समाविष्ट बाबींची यादी आणि साहित्याचा दर्जा सांगणारे तपशीलपत्रक करारास जोडलेले हवे.

उक्ते काम किंवा ठोक रकमेचे कंत्राट

'काम उक्ते दिले' हा मराठीतला जुना वाक्प्रचार. ठरलेल्या नकाशाप्रमाणे, ठरलेल्या दर्जाचे संपूर्ण काम ठरलेल्या रकमेत करून द्यायचे, अशी ही पद्धत. परिमाणाची जोखीम येथे कंत्राटदाराकडे जाते. काँक्रीट अंदाजापेक्षा जास्त लागले तरी रक्कम तीच राहते, कमी लागले तर बचत त्याची. मालकाला एकूण खर्च आधी कळतो. कर्जाचे हप्ते ठरवताना ही मोठी सोय असते. दररोज मोजमापे घेण्याची यातायातही वाचते.

मात्र ही सोय मिळण्यासाठी नकाशे पूर्ण हवेत. वास्तुविशारदाचे नकाशे, आर. सी. सी. सल्लागाराची सळयांची पत्रके, वीज व नळकामाची आखणी आणि फिटिंगचा दर्जा हे सारे निविदेपूर्वी निश्चित झालेले असेल, तरच ठोक रकमेला अर्थ असतो. महापालिकेच्या मंजुरीसाठी केलेला नकाशा त्यासाठी पुरेसा नसतो. अपुऱ्या नकाशावर उक्ते काम देणारा मालक प्रत्यक्षात ठोक रकमेवर नव्हे, तर पुढे येणाऱ्या 'जादा कामां'च्या यादीवर सही करत असतो.

या पद्धतीतला मोह गुणवत्तेत काटछाट करण्याचा. रक्कम बांधलेली असल्याने सळ्यांमधले अंतर वाढवणे, गिलावा पातळ करणे, क्युरिंगला पाणी कमी मारणे यांतून होणारी बचत कंत्राटदाराची असते. म्हणून उक्त्या कामात मालकाचा पहारा दर्जावर हवा. प्रत्येक स्लॅब भरण्यापूर्वी सल्लागाराकडून सळयांची तपासणी आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांची प्रयोगशाळेत चाचणी या गोष्टी टाळू नयेत.

बाबनिहाय दर

सरकारी कामांत रुळलेली ही पद्धत. खोदाई, काँक्रीट, वीटकाम, गिलावा, फरशी अशा प्रत्येक बाबीचे अंदाजी परिमाण मालक देतो, कंत्राटदार प्रत्येक बाबीचा दर भरतो आणि प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे पैसे दिले जातात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात टक्केवारी निविदेसाठी बी-१, बाबनिहाय दरासाठी बी-२ आणि ठोक रकमेसाठी सी असे नमुने परिचित आहेत. टक्केवारी निविदेत दर विभागाचेच असतात. कंत्राटदार त्यांपेक्षा किती टक्के वर किंवा खाली काम करील एवढेच सांगतो.

बाबनिहाय पद्धतीत परिमाणाची जोखीम मालकाकडे राहते. पण जेवढे काम तेवढेच पैसे, हा न्यायही मिळतो. त्यासाठी मोजणीचा नियम आधी ठरलेला हवा. भारतीय मानक १२०० मध्ये हे नियम बाबवार दिलेले आहेत. उदाहरणार्थ, गिलावा मोजताना अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यांची वजावट करायची नाही. अर्धा ते ३ चौरस मीटरच्या दारे-खिडक्यांची वजावट एकाच बाजूची करायची. असा नियम करारात नसेल तर एका घराच्या गिलाव्याची दोन माणसे दोन वेगवेगळी मापे काढतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात.

या पद्धतीतला मोह दोन ठिकाणी असतो. एक, मापे फुगवण्यात. त्यावर उपाय म्हणजे मोजमाप वही आणि झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी मिळून घेतलेले माप. दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. जी बाब पुढे वाढणार असे कंत्राटदाराला अनुभवाने दिसते, तिचा दर तो चढा लावतो आणि इतर बाबींचे दर पाडून एकूण निविदा सर्वांत कमी ठेवतो.

केवळ हिशेबापुरते आकडे घेऊन हे पाहता येईल. अंदाजपत्रकात कातळ खोदाई १० ब्रास आणि गिलावा १० हजार चौरस फूट आहे. पहिला कंत्राटदार कातळास ब्रासला ६ हजार रुपये आणि गिलाव्यास फुटाला ५० रुपये सांगतो. एकूण ५ लाख ६० हजार. दुसरा कातळास १२ हजार आणि गिलाव्यास ४३ रुपये सांगतो; एकूण ५ लाख ५० हजार. काम दुसऱ्याला मिळते. प्रत्यक्षात कातळ ४० ब्रास निघाला, तर पहिल्याचे बिल ७ लाख ४० हजार झाले असते. दुसऱ्याचे मात्र ९ लाख १० हजार होते. म्हणून निविदांची तुलना केवळ बेरजेवरून न करता बाबवार करावी आणि परिमाण ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्यास त्या बाबीचा दर नव्याने ठरेल, असे कलम घालावे. दख्खनच्या पठारावर काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ कोठे लागेल हे शेजारच्या प्लॉटवरूनही नेमके सांगता येत नाही. चाचणीखड्डे घेण्याचा किरकोळ खर्च येथे फार मोठी अनिश्चितता दूर करतो.

साहित्य मालकाचे, मजुरी कंत्राटदाराची

सिमेंट, लोखंड, विटा मालकाने पुरवायच्या आणि कंत्राटदाराने केवळ मजुरी घ्यायची, ही पद्धत तालुक्याच्या गावांपासून महानगरांपर्यंत आढळते. साहित्याचा दर्जा मालकाच्या हाती राहतो आणि कंत्राटदाराचा साहित्यावरचा नफा वाचतो. गृहसंकुलाचा भाग नसलेल्या एका स्वतंत्र निवासी घराच्या नव्या बांधकामासाठी दिलेल्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटास वस्तू व सेवा करातून सूट आहे, हाही फायदा; साहित्यासह दिलेल्या कामावर हा कर लागतो. अर्थात मालकाने खरेदी केलेल्या साहित्यावरचा कर त्याला द्यावाच लागतो.

भाव आणि नासाडी या दोन्हींची जोखीम मात्र मालकाकडे येते. साहित्य दुसऱ्याचे असल्याने ते जपून वापरण्याची निकड कंत्राटदाराला उरत नाही. वाळू वेळेवर न आल्यास बसून राहिलेल्या मजुरांची भरपाईही मालकाकडेच मागितली जाते. येथे पहारा हवा तो साठ्यावर. सळयांचा हिशेब सोपा आहे. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की दर मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. नकाशातील लांबीवरून काढलेले वजन वजनकाट्याच्या पावत्यांशी ताडून पाहिले, की नासाडी किती झाली हे उघड होते.

खर्च अधिक मोबदला

जुन्या वाड्याची डागडुजी, वारसावास्तूचे जतन किंवा आगीनंतरची तातडीची दुरुस्ती अशा कामांत ना नकाशा पूर्ण असतो, ना परिमाण. तेथे प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आणि त्यावर कंत्राटदाराला मोबदला द्यायचा, ही पद्धत योग्य ठरते. सारी जोखीम येथे मालकाची असते.

मोबदला टक्केवारीने ठरवला तर मोह उघड आहे. दहा टक्के ठरले असतील, तर ४० लाखांच्या कामावर ४ लाख आणि तेच काम ५० लाखांवर गेले तर ५ लाख मिळतात. खर्च वाढवणाऱ्यालाच बक्षीस. याच कारणाने अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या खरेदीत खर्चावर टक्केवारी देणारी कंत्राटे कायद्याने निषिद्ध आहेत. त्याऐवजी मोबदल्याची रक्कम आरंभीच ठरवून टाकावी. त्याला कमाल खर्चमर्यादेची जोड दिली तर अधिक चांगले. मर्यादेपलीकडचा खर्च कंत्राटदाराचा आणि मर्यादेच्या आतली बचत दोघांत वाटून घ्यायची, असे ठरले की काटकसरीत दोघांचेही हित साधते. साहित्याच्या मूळ पावत्या व मजुरांचा हजेरीपट तपासण्याचा हक्क मात्र करारात स्पष्ट लिहिलेला असावा.

दोन परदेशी इमारतींचा धडा

चुकीची पद्धत किती महाग पडते, हे ब्रिटनमधील दोन प्रसिद्ध इमारतींवरून कळते. एडिंबरातील स्कॉटिश संसद भवनाच्या खर्चाचा १९९७ मधील पहिला अंदाज १ ते ४ कोटी पौंडांचा होता. २००४ मध्ये इमारत वापरात आली तेव्हा ती तीन वर्षे रखडलेली होती आणि खर्च ४१ कोटी पौंडांवर गेला होता. तेथे एकाच कंत्राटदाराला ठोक रकमेत काम दिलेले नव्हते. कामाचे लहान लहान भाग पाडून मालकाने थेट अनेक कंत्राटे केली होती आणि आराखडा अपुरा असतानाच बांधकाम सुरू झाले होते. वाढीव खर्चाची जोखीम त्यामुळे मालकाकडे, म्हणजे जनतेकडे राहिली. लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशी अहवालाने २००४ मध्ये या पद्धतीच्या निवडीवर कठोर टीका केली.

लंडनच्या नव्या वेम्बले स्टेडियमचे याच्या उलट झाले. मल्टिप्लेक्स या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते बांधून देण्याची रक्कम आधीच बांधून घेतली होती. काम रखडले, पोलादकाम करणाऱ्या उपकंत्राटदाराशी वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीला प्रचंड तोटा सोसावा लागला. पैशाची झळ मुख्यतः कंत्राटदाराला बसली. तरी २००६ चा एफ. ए. चषकाचा अंतिम सामना तेथे होऊ शकला नाही आणि स्टेडियम २००७ मध्ये उघडले. जोखीम कंत्राटदारावर ढकलली म्हणून मालक पूर्ण सुरक्षित होत नाही, हा त्यातला धडा. विलंब दोघांनाही भोगावा लागतो. घरबांधणीतील लहान कंत्राटदाराकडे तर असा तोटा सोसण्याची ताकदच नसते. तो काम सोडून जातो आणि उरलेले काम नव्या माणसाकडून चढ्या भावाने करून घ्यावे लागते. न परवडणाऱ्या दराची निविदा स्वीकारणे ही म्हणूनच काटकसर नव्हे.

भाव आणि कर बदलले तर?

पद्धत कोणतीही असो, भावबदलाचे कलम स्वतंत्रपणे लिहावे लागते. पोलादाचे भाव एवढे चढले होते की केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये पोलादाच्या अनेक उत्पादनांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले. एकाच वर्षात घडलेल्या या घडामोडी वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या बांधकामाचे गणित बदलू शकतात. करांचेही तसेच. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या आधी झालेल्या ठोक रकमेच्या करारांत ही बचत कोणाची, हा प्रश्न करारात कलम नसेल तर वादाचाच.

सुलभ तोडगा असा की निविदेच्या दिवशीचे सिमेंट व लोखंडाचे आधारभूत दर करारात लिहावेत आणि ठरावीक टक्क्यांपलीकडचा फरक, वाढ असो वा घट, खरेदीच्या पावतीनुसार दिला-घेतला जावा. कसलीच भाववाढ मिळणार नाही असे लिहून घेतले, तर शहाणा कंत्राटदार संभाव्य वाढ आधीच दरात मिळवून ठेवतो. ती वाढ झाली नाही तरी मालक तिचे पैसे देतो.

कोणत्या कामाला कोणती पद्धत?

निवडीची कसोटी एकच, काम सुरू होण्यापूर्वी किती गोष्टी निश्चित आहेत? नकाशे व तपशील पूर्ण असतील आणि मालक आपल्या निर्णयांवर ठाम असेल, तर ठोक रक्कम उत्तम. नकाशे पूर्ण पण परिमाण अनिश्चित असेल, तर बाबनिहाय दर. दोन्हीही अनिश्चित असतील, तर खर्च अधिक ठरावीक मोबदला आणि वर कमाल मर्यादा. रोज जागेवर उभा राहू शकणारा, बाजार जाणणारा मालक असेल तरच मजुरीचे कंत्राट.

एका कामात एकच पद्धत वापरावी असा नियम नाही. जोत्यापर्यंतचे काम बाबनिहाय दराने, त्यावरील इमारत ठोक रकमेत आणि फरशी, फिटिंग यांसारख्या मागाहून निवडायच्या वस्तूंसाठी राखीव रक्कम, अशी सांगड बंगल्यांसाठी व्यवहार्य ठरते.

गृहनिर्माण संस्थांच्या दुरुस्तीत स्लॅब व खांबांवरचा गिलावा फोडल्याशिवाय आतील सळया किती गंजल्या हे कळत नाही. म्हणून तेथे बाबनिहाय दरच योग्य. मात्र अंदाजी परिमाणे संरचनात्मक तपासणीच्या अहवालावर बेतलेली असावीत आणि परिमाण वाढल्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी किती रकमेपलीकडे लागेल हे आधी ठरावे. राज्य शासनाच्या १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयानंतर स्वयंपुनर्विकासाकडे वळणाऱ्या संस्थांसाठी तर हा विषय अधिक गंभीर आहे. विकासक नसल्याने वाढीव खर्चाची जोखीम थेट सभासदांवर येते, आणि नवी इमारत रखडली तर भाड्याच्या घरात अडकून राहायचेही त्यांनाच असते.

लेखी असावे ते

जादा काम लेखी आदेशाशिवाय करू नये आणि आदेशात त्याचा दर व वाढीव मुदत दोन्ही असावे, हे कलम सर्व पद्धतींत अत्यावश्यक. 'जाता जाता एवढे करून टाका' असे तोंडी सांगितलेले काम फुकट ठरत नाही. मोफत करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा, असे भारतीय करार कायदा, १८७२ चे ७० वे कलम सांगते. विलंबाबद्दल लिहून ठेवलेली दंडाची रक्कमही आपोआप पूर्ण मिळत नाही. ७४ व्या कलमानुसार त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते.

पैशांचे टप्पे झालेल्या कामाशी जोडलेले असावेत, तारखांशी नव्हे. कंत्राटदाराला झालेल्या कामापेक्षा अधिक पैसे मिळाले की काम पुरे करण्याची त्याची ओढ संपते. कमी मिळाले तर भांडवलाअभावी काम अडते. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के रक्कम राखून ती दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर, शक्यतो एक पावसाळा पाहून, परत करावी. गळती शोधण्यात पावसासारखा परीक्षक नाही.

कंत्राटदाराकडे भाव विचारण्याआधी मालकाने आपल्या घराचे नकाशे, तपशील आणि आवडीनिवडी कागदावर पूर्ण उतरवाव्यात. त्यासाठी वास्तुविशारद व सल्लागार यांना दिलेले दोन महिने वाया जात नाहीत. जे कागदावर ठरलेले असते त्याचा वाजवी भाव मिळतो. जे ठरलेले नसते त्याचा भाव पुढे अडचणीच्या वेळी, दुसऱ्याच्या मर्जीने ठरतो.